प्लॉट, प्लँट आणि कलम : मिरजोळ्यातल्या तीन वाक्यांवर भाष्य

वाक्यं कोकणातल्या मिरजोळे गावच्या रोजच्या बोलण्याच्या धर्तीवर, भाष्यासाठी जुळवलेली आहेत.

१. ‘एमआयडीसीत प्लॉट घेतलाय, प्लँट पावसाआधी सुरू करायचा.’

‘प्लॉट’ हा जुन्या इंग्रजीतला जमिनीचा लहान तुकडा. ‘प्लँट’ लॅटिन ‘प्लांटा’मधून आला; मूळ अर्थ कोंब, मातीत रोवायची फांदी. उच्चार जवळचे, कुळं वेगळी. रोवण्याच्या क्रियेवरून इंग्रजीत जागेवर बसवलेली यंत्रसामग्री ‘प्लँट’ झाली आणि पुढे अख्खा कारखाना. मिरजोळ्यात औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे इथे हाच शेवटचा अर्थ चालतो. अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशावरून ठरतो, याची यादी संस्कृत व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त दिली, तीत ‘देश’ आहे आणि ‘व्यक्ती’, म्हणजे व्याकरणातलं लिंगही आहे. दोन्ही शब्द मराठीत पुल्लिंगी झाले, ते मला वाटतं भूखंड आणि कारखाना यांच्या पावलावर पाऊल टाकून.

२. ‘नाटकाचा प्लॉट बरा होता, शेवट घाईत उरकला.’

इथे ‘नाटक’ शेजारी आहे, म्हणून जमीन मनात येत नाही. भर्तृहरीच्या यादीत हा ‘अन्य शब्दाचा संनिधी’, म्हणजे शेजारच्या शब्दाची जवळीक. जमिनीच्या तुकड्यावरून तिचा आराखडा, आराखड्यावरून बेत, बेतावरून कथानक. गुप्त कटाच्या अर्थाला फ्रेंच ‘कोंप्लो’ची जोड मिळाली आणि 1605 साली लंडनची संसद बंदुकीच्या दारूने उडवण्याचा कट फसल्यावर तो अर्थ पक्का झाला. मराठीने भूखंड, कट, कथानक असे तीन शब्द वेगळे ठेवले होते. ‘प्लॉट’ घेताना आपण ती स्पष्टता सोडली, याची मला खंत वाटते.

३. ‘त्यांनी चार कलमं लावली.’

‘प्लँट’चा मूळ अर्थ कोकणच्या बागेत शिरलाच नाही, तिथे रोप आहे, कलम आहे. ‘कलम’ अरबीतून आलेला, मुळात ग्रीक ‘कालामोस’, म्हणजे बोरू. त्याची लेखणी झाली, कायद्यातला परिच्छेद झाला, हापूसचं कलमही झालं. बोरूही तासावा लागतो आणि फांदीही, हा दुवा मला पटतो. या वाक्यात क्रियापद एकच, लिंग एकच, संख्याही एकच, त्यामुळे ‘व्यक्ती’ कामाची नाही. ‘त्यांनी’ म्हणजे बागायतदार असतील तर खड्डे खणले गेले. पोलीस असतील तर गुन्हा नोंदला गेला.