वाळू उपशाचा नकाशा: खड्ड्याच्या पलीकडे

निमगाव केतकीच्या उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा. दोघींचा संगम नीरा नरसिंहपूरला. या नद्यांतल्या वाळू उपशाचा परिणाम तपासायचा, तर नुसता खड्डा नकाशावर आणून भागत नाही.

भीमेत तर खड्डा दिसतच नाही. पात्र उजनी धरणाच्या फुगवट्याखाली आहे. धरणाची साठवण सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. यांत्रिक बोटी तळातून वाळू ओढतात आणि वर पाणी जसेच्या तसे राहते. सेंटिनेल-2 हे जोडउपग्रह दर पाच दिवसांनी चित्र घेतात. पण त्यांचा एक ठिपका 10 मीटरचा, आणि गढूळ पाण्याखालचा तळ त्यांना दिसत नाही. चीनच्या पोयांग सरोवरात संशोधकांनी उपग्रहचित्रांवर वाळूची जहाजे मोजून उपशाचा अंदाज बांधला. इथल्या बोटी त्या मानाने फारच लहान, म्हणून ती रीत इथे उपयोगी नाही. इथे काठ वाचावा लागतो: पाण्यात उतरणारे नवे रस्ते, वाळूचे ढीग, गढूळपणाचा पट्टा. उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेली की उघड्या पडलेल्या पात्राची चित्रे सर्वांत मोलाची.

नीरेचे पात्र जिथे उन्हाळ्यात कोरडे पडते, तिथे ड्रोनने उंची मोजता येते. एक हेक्टर पात्र एक मीटर खचले, तर सुमारे 3,500 ब्रास वाळू गेली. हा आकडा त्या जागेच्या वाहतूक पासांशी ताडून पाहावा. मोजणी मात्र पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा हवी. पुराने भरलेला खड्डा एकाच मोजणीत निसटतो. वाळू उपशाबाबतच्या केंद्र सरकारच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

सामाजिक परिणामांचा थर याहून अवघड, आणि माझ्या मते याहून महत्त्वाचा. पात्र खोल गेले की काठच्या विहिरींचे पाणी उतरते. कोल्हापुरी बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो. म्हणून गटनंबरांच्या नकाशावर प्रत्येक विहीर, तिची मार्चमधली आणि मेमधली पाणीपातळी, डंपरचा रस्ता आणि त्यावरची शाळा यायला हवी. मच्छीमारांची जाळी टाकण्याची ठिकाणे त्यांनाच विचारून भरावीत. कॅनॉलच्या आवर्तनाने विहिरींचे पाणी वाढते, त्या तारखाही सोबत नोंदवाव्यात. नाहीतर कॅनॉलचा परिणाम उपशाच्या नावावर पडेल किंवा उपशाचा त्याखाली झाकला जाईल.

माहिती देणाऱ्याचे घर मात्र नकाशावर कधीही दाखवू नये. वाळूच्या धंद्यात तक्रारदाराला धोका असतो. विहिरीची नोंद गटावर ठेवावी, नाव वेगळ्या वहीत, आणि ती वही गावाबाहेर.