माँ ब्लांपासून पाच मैल

एखादी विमान कंपनी नवा लांब पल्ल्याचा मार्ग जाहीर करते तेव्हा जाहिरातीत काय असतं, ते आपल्याला पाठ झालंय. झोपता येईल अशी सीट, मोठी स्क्रीन, वाय-फाय, मंद निळसर दिवे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी जाहीर केली, वर्षाअखेरीस पहिलं एअरबस ए३५० भारतात आलं आणि पुढच्या सप्टेंबरात ते दिल्ली–लंडन मार्गावर धावू लागलं. तेव्हाही चर्चा झाली ती केबिनची. ते साहजिकच आहे, प्रवाशाला दिसते ती केबिनच. पण विमानाचा दर्जा सुधारणं म्हणजे नेमकं काय सुधारणं, हे समजून घ्यायचं असेल तर याच कंपनीचा अगदी पहिला लांब पल्ल्याचा मार्ग बघायला हवा. त्या मार्गात एक डोंगर आहे. कंपनीने विमानं बदलली, वेग वाढवला, थांबे बदलले. तरी हा डोंगर दोनदा आडवा आला.

८ जून १९४८, मंगळवार. मुंबईहून ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं आणि १० जूनला पोचलं. स्वातंत्र्याला एक वर्षही झालं नव्हतं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ ही कंपनी स्थापन झाली होती. त्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता आणि धुरा जे. आर. डी. टाटांकडे होती. पहिल्या फेरीत ते स्वतः विमानात होते, नवानगरचे जामसाहेबही होते. बोटीने विलायतेला जायला दोन-तीन आठवडे लागायचे. ते अंतर आता दिवसांत मोजता येणार होतं, आणि तेही शेपटीवर भारताची नोंदणी असलेल्या विमानातून.

सोळा वर्षांपूर्वी हे कुणाला खरं वाटलं नसतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. एका चिमुकल्या पुस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तिथून टाटांच्या विमानसेवेची सुरुवात झाली. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठचा चिखलमाळ. पावसाळा लागला की ती वापरता येत नसे, मग सगळा संसार पुण्याला हलवावा लागायचा.

त्या तुलनेत ‘मलबार प्रिन्सेस’ म्हणजे वेगळंच जग होतं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, मॉडेल ७४९. माशासारखं वळणदार धड, तीन उभे शेपटीपंख, अठरा सिलिंडरचं एक अशी चार राइट इंजिनं. महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिची केबिन दाब-नियंत्रित होती. बाहेर हवा विरळ असली तरी आत माणूस नीट श्वास घेऊ शकत होता, त्यामुळे विमान सहा हजार मीटरच्या आसपास, बऱ्याचशा खराब हवामानाच्या वरून उडू शकत होतं. ७४९ मध्ये पंखांच्या बाहेरच्या भागातही इंधन साठवायची सोय होती. म्हणून मुंबईहून उडालेलं विमान थेट कैरो गाठू शकलं. लांब पल्ल्याचा मार्ग नकाशावर रेघ ओढून तयार होत नाही. इंधन किती मावतं आणि हवेचा दाब किती सांभाळता येतो, यावर तो ठरतो.

पण एका बाबतीत हे विमान अजून जहाजाच्याच जमान्यात होतं. आपण कुठे आहोत, हे त्याला स्वतःला कळत नव्हतं. कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांबरोबर फ्लाइट इंजिनिअर, रेडिओ ऑफिसर आणि नॅव्हिगेटर लागायचे. वेग, दिशा, वारा आणि गेलेला वेळ यांचं गणित मांडून नॅव्हिगेटर जागा काढायचा. रात्री आकाश मोकळं असेल तर छतावरच्या काचेच्या घुमटातून सेक्स्टंटने तारे मोजायचा. जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांची मदत असे. उत्तर मिळायचं, पण ते अंदाजाचं असायचं. समुद्रावर दहा-वीस किलोमीटरचा फरक खपून जातो. आल्प्सवर खपत नाही.

३ नोव्हेंबर १९५० ला ते खपलं नाही. ‘मलबार प्रिन्सेस’ त्याच नेहमीच्या मार्गावर होतं. मुंबई, कैरो, आता जिनिव्हा, पुढे लंडन. हवा वादळी होती. जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना विमान माँ ब्लांच्या शिखराजवळ, ‘रोशे द ला तुर्नेत’ नावाच्या खडकांवर, ४,६७७ मीटर उंचीवर आदळलं. शिखराची उंची ४,८०७ मीटर आहे. ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी, सगळे गेले. शामोनी गावातून मदतीसाठी निघालेल्या पथकाचे वाटाडे रेने पायो यांनीही त्या मोहिमेत जीव गमावला.

त्या ४० प्रवाशांत बहुतेक सगळे भारतीय खलाशी होते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला एका जहाजावर कामाला रुजू व्हायला चालले होते. पहिल्या फेरीत राजेरजवाडे होते हे सगळीकडे वाचायला मिळतं. अडीच वर्षांत त्याच विमानात बोटीवर राबणारी माणसं बसली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. खरं तर या मार्गाचं मोठं यश तेच होतं. पिढ्यान् पिढ्या भारतीय खलाशी इंग्रजी जहाजांच्या इंजिनखोलीत कोळसा ओढत समुद्र ओलांडत होते. आता कामावर जाण्यासाठी त्यांना विमान मिळालं होतं. फ्रान्समध्ये या अपघातावरून प्रेरणा घेऊन आँरी त्रॉया यांनी १९५२ मध्ये कादंबरी लिहिली, तिच्यावर हॉलिवूडने १९५६ मध्ये ‘द माउंटन’ हा सिनेमा काढला. आपल्याकडे त्या खलाशांची आठवण तेवढीही उरली नाही.

पुढची दहा वर्षं सुधारणांची होती. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, पण एअर इंडिया इंटरनॅशनलची सूत्रं जे. आर. डीं.कडेच राहिली. १९५४ पासून लांबट सुपर कॉन्स्टेलेशन आली. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं. इंजिनं रोल्स-रॉइस कॉनवे. पंखा नाही, थरथर कमी, वेग जवळजवळ दुप्पट. त्याच वर्षी मेमध्ये सेवा लंडनवरून पुढे न्यूयॉर्कला पोचली. १९६२ पर्यंत कंपनीचा सगळा ताफा जेटचा झाला. तेव्हा असं म्हणू शकणाऱ्या विमान कंपन्या जगात नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. या ७०७ विमानांना हिमालयातल्या शिखरांची नावं दिली होती. त्यातल्या एकाचं नाव ‘कांचनजंगा’.

२४ जानेवारी १९६६. ‘कांचनजंगा’ मुंबईहून दिल्ली आणि बैरुतमार्गे जिनिव्हाकडे निघालं होतं, पुढे लंडनला जायचं होतं. विमानात ११७ माणसं होती. व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले डॉ. होमी भाभा त्यांपैकी एक. सकाळी ते माँ ब्लांवर आदळलं. पंधरा वर्षांपूर्वी ‘मलबार प्रिन्सेस’ जिथे संपलं, जवळजवळ त्याच जागी. कुणीही वाचलं नाही.

या अपघाताबद्दल तुमच्या फोनवर काही ना काही येऊन गेलंच असेल. भाभा भारताच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार, अपघात परदेशात, मग त्यामागे अमेरिकेचा हात. ही गोष्ट रंगतदार आहे, म्हणून ती फिरते. फ्रेंच चौकशीचा अहवाल मात्र फिरत नाही. खरं तर तो जास्त अस्वस्थ करणारा आहे.

अहवालाचा निष्कर्ष साधारण असा. विमानात व्हीओआर नावाची रेडिओ दिशादर्शक उपकरणं असतात. जमिनीवरच्या केंद्राच्या कोणत्या दिशेला आपण आहोत, हे त्यांवरून कळतं. त्यातलं एक बंद आहे, हे बैरुतहून निघतानाच कॅप्टनना माहीत होतं. माँ ब्लांच्या संदर्भात आपण कुठे आहोत, याचा त्यांचा अंदाज चुकला आणि तोच अंदाज त्यांनी जिनिव्हाच्या नियंत्रकाला कळवला. नियंत्रकासमोर रडार होतं. त्याला चूक दिसली. विमानाची खरी जागा त्याने बरोबर ओळखली आणि तसं सांगितलंही: माँ ब्लांपर्यंत तुम्हाला अजून पाच मैल आहेत. कॅप्टननी ‘रॉजर’ म्हणजे ‘समजलं’ म्हटलं आणि ते खाली उतरत राहिले. शिखराकडे जाणारी धार आपण ओलांडली, असा त्यांचा समज कायम होता. शब्दयोजना पुरेशी नेमकी नसल्यामुळे दुरुस्तीचा अर्थ वैमानिकापर्यंत पोचला नाही, असं चौकशीने नोंदवलं.

आता हे पुन्हा एकदा पाहा. विमान नवं होतं. रडार चालू होतं. रडारसमोरच्या माणसाला खरं काय ते कळलं होतं आणि त्याने ते सांगितलंही. ऐकणाऱ्याने उत्तर दिलं. तरी ११७ माणसं गेली, कारण ‘पाच मैल आहेत’ हे वाक्य माहिती देतं, सूचना देत नाही. ‘तुमचा अंदाज चुकला आहे, डोंगर अजून पुढे आहे, उतरू नका’ असं ते सांगत नाही. आणि ‘समजलं’ या उत्तरातून नेमकं काय समजलं ते कळायला मार्ग नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणालाही ही जात ओळखीची वाटेल. दोन्ही बाजूंच्या यंत्रणा आपापल्या जागी चालू असतात, त्यांच्यामधला निरोप तेवढा सैल असतो. यंत्र बदलून हा दोष जात नाही. उलट यंत्राचा वेग वाढला की सैल निरोप दुरुस्त करायला मिळणारा वेळ कमी होतो. जेटला पाच मैल कापायला मिनिटही लागत नाही.

असाच दोष १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत पुन्हा दिसला. वॉशिंग्टनजवळ उतरणारं टीडब्ल्यूए कंपनीचं बोइंग ७२७ व्हर्जिनियातल्या एका डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. उतरण्याची परवानगी मिळाली याचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला होता, नियंत्रकाने दुसरा. शब्द तेच होते. त्यानंतर अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांत जमिनीची धोक्याची सूचना देणारं उपकरण सक्तीचं केलं. जीपीडब्ल्यूएस हे त्याचं नाव, आणि डॉन बेटमन या अभियंत्याने ते घडवलं होतं. जमीन फार वेगाने जवळ येतेय असं दिसलं की ते कॉकपिटमध्ये ओरडतं: ‘पुल अप! पुल अप!’ या वाक्याचा दुसरा अर्थ निघत नाही. ते ‘इतके मैल उरलेत’ असं सांगत नाही, काय करायचं ते सांगतं.

तरी त्यात एक उणीव होतीच. ते उपकरण सरळ खाली बघायचं. समोर अचानक उभा कडा आला, तर इशारा मिळेपर्यंत उशीर व्हायचा. माँ ब्लां नेमका तसलाच डोंगर. नव्वदच्या दशकात बेटमन यांच्या चमूने त्यावर उपाय काढला. साऱ्या पृथ्वीच्या उंच-सखल जमिनीचा नकाशाच विमानात साठवायचा आणि उपग्रहावरून कळलेली जागा त्याच्याशी ताडून पाहायची. या नकाशासाठी लागणारी बरीचशी माहिती सोव्हिएत संघ कोसळल्यावर विकायला आलेल्या लष्करी नकाशांतून मिळाली. शीतयुद्धात शत्रूच्या प्रदेशाचं मोजमाप म्हणून जे जपलं होतं, ते प्रवाशांचे जीव वाचवायला आलं. आज लंडनला जाणाऱ्या विमानात बसलेल्या कुणालाही ही सुधारणा दिसत नाही. जाहिरातीत तर ती कधीच नसते. पण धडधाकट विमान नकळत डोंगरावर आदळण्याचे अपघात प्रवासी जेट विमानांच्या बाबतीत आता क्वचितच होतात, त्यात या न दिसणाऱ्या नकाशाचा वाटा मोठा आहे.

माँ ब्लांवरची बॉसाँ हिमनदी अजून खाली सरकतेय आणि पोटातलं हळूहळू बाहेर देतेय. २०१२ मध्ये ‘कांचनजंगा’तली भारत सरकारची टपालाची थैली सापडली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू आणि नीलम भरलेली डबी मिळाली, ती त्याने पोलिसांकडे दिली. २०२० मध्ये जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं निघाली. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याची बातमी त्यात अजून वाचता येत होती. बर्फाने कागद जपला.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान कोसळलं. काही तासांतच आपल्या सगळ्यांच्या फोनवर कारणं पोचली होती, ठाम आवाजात, ॲनिमेशनसकट. मदतीची पथकं अजून ढिगाऱ्यातच होती. अशा वेळी १९६६ चा तो अहवाल मला उपयोगी वाटतो. त्यात खलनायक नाही. एक बंद उपकरण, एक चुकलेला अंदाज, वेळेवर पण अर्धवट दिलेली एक दुरुस्ती. गोष्ट म्हणून ती फिकी आहे. पण कारस्थानाच्या गोष्टीतून कुठल्याही कॉकपिटमध्ये एक नवा खिळासुद्धा बसला नाही. अशा फिक्या, कंटाळवाण्या नोंदींतून मात्र ‘पुल अप’ म्हणणारा आवाज तयार झाला.

म्हणून पुढच्या वेळी नव्या मार्गाची घोषणा येईल तेव्हा सीट किती मागे जाते ते जरूर बघा. १९४८ मध्येही लोकांनी तेच पाहिलं असेल. पण या मार्गाच्या पहिल्या पिढीने दिलेली खरी किंमत सीटसाठी नव्हती. न्यूकॅसलला निघालेले ते खलाशी, आणि पंधरा वर्षांनी तिथेच संपलेली ११७ माणसं, यांच्याकडून विमानविद्येने एक साधी गोष्ट शिकून घेतली. खरी जागा कुणालातरी माहीत असून भागत नाही; ज्याच्या हातात विमान आहे त्याला ती कळायला हवी, आणि दुसरा अर्थ निघणार नाही अशा शब्दांत कळायला हवी.