गहाणलहाण : वऱ्हाडातील व्याजाचा आणि सोडवणुकीचा इतिहास

वऱ्हाडच्या कर्जबाजारीपणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु वऱ्हाड हा प्रांतच एकदा कर्जापोटी हातबदल झालेला आहे, याची आठवण त्या लेखनात क्वचितच येते. निजामाच्या नावाने पोसलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, थकबाकीवर व्याज चढले आणि मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या कारभाराखाली दिले. मालकी निजामाची, ताबा आणि वसुली कंपनीची. सावकारी व्यवहारात यालाच ताबेगहाण म्हणतात. १८६० मध्ये पन्नास लाखांचे कर्ज माफ होऊन धाराशिव आणि रायचूर परत गेले. कापसाचे वऱ्हाड मात्र राहिले. १८७० च्या दशकात दिवाण सर सालारजंग यांनी फौजेच्या खर्चाची हमी म्हणून रोख भांडवल ठेवून वऱ्हाड सोडवून घेण्याचा प्रस्ताव पुन्हा पुन्हा मांडला. तो नाकारला गेला. अखेर १९०२ मध्ये सालीना २५ लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा झाला आणि सोडवणुकीची वाट बंद झाली.

ऋणको पैसे घेऊन दारी आला तरी धनकोने गहाण सोडलेच पाहिजे काय, आणि व्याजाला कोठे तरी सीमा आहे काय, हे दोन प्रश्न निजामाच्या बाबतीत मुत्सद्देगिरीचे ठरले. वऱ्हाडातील साध्या शेतकऱ्याच्या बाबतीत ते कोर्टाचे ठरले. आज ज्याला आपण वाशीम जिल्हा म्हणतो तो भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. इंग्रजी अमलात वाशीम, म्हणजे त्या वेळचे 'बासिम', हा वऱ्हाडचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या फेररचनेत तो मोडला, त्याचा मोठा भाग अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून तो पुन्हा वेगळा झाला.

इंग्रजी अमलापूर्वी सावकार नव्हते वा कर्जे नव्हती असे मुळीच नाही. बदल झाला तो तारणाच्या स्वरूपात. मुंबईच्या धर्तीवर रयतवारी मोजणी व जमाबंदी झाली आणि जमिनीवरील कब्जेदाराचा हक्क विकता-गहाण टाकता येईल असा पक्का झाला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने कापसाला भाव आणला, पाठोपाठ रेल्वे आली आणि ज्या जमिनीला पूर्वी गिऱ्हाईक नव्हते तिला किंमत आली. जमिनीला किंमत आली म्हणजे तिच्यावर कर्ज मिळू लागले, आणि कर्ज मिळू लागले म्हणजे ती जाऊही लागली.

व्याजाच्या सीमेविषयी आपल्या परंपरेत एक जुना नियम आहे : दामदुप्पट. एका वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. मनुस्मृतीत पैशाच्या कर्जाला दुप्पट आणि धान्य, लोकर इत्यादींना पाचपट अशी मर्यादा सांगितलेली आहे. मुंबई इलाख्यातील आणि वऱ्हाडातील न्यायालयांनी दामदुप्पट मानली. मद्रास इलाख्यात तिला थारा मिळाला नाही. तिचे गोडवे गाताना तिच्या उणिवाही पाहिल्या पाहिजेत. मूळ ऋणको हिंदू असेल तरच ती लागू. वेळच्या वेळी व्याज भरत राहणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. वीस वर्षांत तो मुद्दलाच्या तिप्पट भरू शकतो. आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला की कालचे व्याज आजचे मुद्दल होते व मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

हीच पळवाट इंग्रजी कायद्याने रुंद केली. १८५५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात व्याजाच्या दरावरील कायदेशीर बंधने रद्द झाली. करारात लिहिला तो दर खरा ठरला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या रोख्यावर दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोला जुन्या दाव्यांपासून वाचविण्याचा होता. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा मागू लागला आणि प्रत्येक नव्या रोख्यात व्याजाचे मुद्दल होऊ लागले. वऱ्हाड तांत्रिकदृष्ट्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेर असले तरी त्याचे न्यायदान याच विचारसरणीच्या अधिकाऱ्यांच्या हाती होते.

सोडवणुकीचा प्रश्न 'गहाणलहाण' या जुन्या मराठी दस्तप्रकाराभोवती लढला गेला. अमुक मुदतीत पैसे न फेडल्यास गहाण ठेवलेली जमीन सावकाराला विकली गेली असे समजावे, अशी अट या खतात असे. १८६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरविले की मुदत टळली तरी गहाण ते गहाणच. पैसे भरून जमीन सोडविण्याचा हक्क मरत नाही. १८७० मध्ये मद्रासकडील एका दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने नेमके विरुद्ध मत दिले : करारात लिहिले आहे ते अक्षरशः पाळावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने सोडवणुकीचा हक्क कलम ६० मध्ये कायम केला आणि मुंबईचे मत एका अर्थी जिंकले. परंतु १९२९ च्या दुरुस्तीने असे ठरले की परत विक्रीची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण मानला जाईल. सावकारांनी यातून सरळ बोध घेतला. अट दस्तात लिहायचीच नाही. साधे खरेदीखत करायचे आणि 'पैसे दिलेस की जमीन परत' हे तोंडी सांगायचे. पुराव्याच्या कायद्यानुसार लेखी दस्ताविरुद्ध तोंडी कराराचा पुरावा सहसा चालत नाही, म्हणून कोर्टात शेतकऱ्याजवळ बोलण्यासारखे काही उरत नाही.

दख्खनमध्ये यावर उपाय झाला होता. मे १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतरच्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मुळापासून हिशेब काढण्याचा अधिकार दिला, आणि पुढे त्यात खरेदीखत हे वस्तुतः गहाण होते असे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभाही आली. हा कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाडच्या वाट्याला तो आला नाही.

वऱ्हाडात सरकार हस्तक्षेप करीतच नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाही झाला. कापूस कोठे विकावा, कोणत्या मापाने तोलावा, याची व्यवस्था सरकारने लावली, कारण निर्यातीचा कापूस शुद्ध आणि वेळेवर मिळणे मँचेस्टरच्या गिरण्यांना हवे होते. त्याच बाजारात त्याच कापसाच्या पैशातून वळती होणाऱ्या व्याजाचा हिशेब तपासणारे कोणी नव्हते. तराजू सरकारच्या नजरेखाली आला. खातेवही खाजगी राहिली.

ती वही उघडली १९३० च्या मंदीने. कापसाचे भाव कोसळले, तारण जमिनीची किंमत कर्जाच्या खाली गेली आणि सावकारालाही तडजोड परवडू लागली. १९३३ मध्ये मध्य प्रांताचा कर्ज लवाद कायदा झाला. या कायद्याशी डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव वऱ्हाडात आजही जोडले जाते. लवाद मंडळापुढे सावकाराने आपल्या येण्याचा तपशील मांडायचा आणि संमतीने रक्कम ठरवायची. १९३४ मध्ये सावकारी नियंत्रणाचा, १९३६ मध्ये व्याज कमी करण्याचा आणि १९३९ मध्ये कर्जनिवारणाचा कायदा आला. या शेवटच्या कायद्याने कर्जनिवारण न्यायालयांना सावकाराच्या संमतीची वाट न पाहता कर्ज घटवून हप्ते बांधून देता येऊ लागले.

१९५६ नंतर विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. येथून कायद्याची वाट धनकोच्या जातीप्रमाणे फुटते. धनको खाजगी सावकार असेल तर १९४६ चा मुंबईचा कायदा आणि त्याच्या जागी आलेला महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा दामदुप्पट पाळतो, आणि ती सर्व धर्मांच्या ऋणकोंना मिळते. २०१४ च्या कायद्याने सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला सावकारीतून झालेले खरेदीखत तपासून जमीन परत देण्याचा अधिकारही दिला. गहाणलहाणाच्या पळवाटेला दीडशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे. धनको सहकारी संस्था असेल तर सहकार कायद्याचे कलम ४४-अ, काही अपवाद वगळता, व्याजाला मुद्दलाची मर्यादा घालते. धनको व्यापारी बँक असेल तर मात्र बँकिंग नियमन कायद्याचे १९८४ मधील कलम २१-अ आडवे येते : दर अवाजवी आहे या कारणाने न्यायालयाने बँकेचा व्यवहार पुन्हा उघडू नये.

बँकेविरुद्ध शेतकऱ्याजवळ काहीच नाही असा याचा अर्थ नव्हे. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा भंग होत असेल तर न्यायालय पाहू शकते, आणि शेतीकर्जावर तिमाही चक्रवाढ लावता येत नाही, कारण पीक तिमाहीला येत नाही. २००१ मध्ये घटनापीठाने ही मर्यादा कायम ठेवली. अल्प व अत्यल्प भूधारकांच्या अल्पमुदती कर्जावरील एकूण व्याज मुद्दलाहून जास्त होऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचाही निर्देश आहे. म्हणजे दामदुप्पट परिपत्रकाच्या रूपाने बँकेतही शिरली आहे. २००२ च्या कायद्याने बँकांना न्यायालयाविना तारण जप्त करता येते, पण शेतजमीन त्यातून वगळली आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम २१-अ वैध ठरविताना असेही म्हटले की ज्या राज्याच्या शेतकरी-कर्जनिवारण कायद्यात बँकांच्या कर्जाचा समावेश असेल तेथे हे कलम मागे सरेल. महाराष्ट्राच्या १९७५ च्या कर्जमुक्ती कायद्याने बँकांना वगळले होते.

जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीम होता. थकलेल्या व्याजाची ७१२ कोटींची माफी हा त्याचा एक भाग. व्याज मुद्दलाला गिळू लागले आहे हे शासनाने त्या दिवशी मान्य केले, पण ते दान म्हणून, एकदाच. माफीला अर्जाची शेवटची तारीख असते आणि ती पुढच्या वर्षीच्या ऋणकोला उपयोगी पडत नाही. दामदुप्पट आणि सोडवणूक यांचे महत्त्व हे की ते हक्क आहेत : मागता येतात, कोर्टात सिद्ध करता येतात, आणि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसतात. एकाच शिवारातील तीन शेतकऱ्यांचे हे हक्क कोणाकडून पैसे घेतले यावर बदलावेत, याला इतिहासात कारणे सापडतात, समर्थन सापडत नाही. २०१८ च्या निकालाने राज्य विधिमंडळापुढे एक दार उघडे ठेवले आहे, आणि त्यातून जाण्यासाठी नवे तत्त्व शोधावे लागणार नाही. जे सावकाराला आणि सोसायटीला लावले तेच बँकेला लावणे एवढेच करावयाचे आहे.