लाईट आल्यावरची तीन मिनिटं

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे लोकलमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलल्यासारखंच ठेवलंय, फक्त माझं खोकणं काढून टाकलंय.

सुरुवात करूया एका सोमवारपासून. १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आजूबाजूच्या शहरांची लाईट गेली. गल्लीतली किंवा एखाद्या वॉर्डातली नाही, अख्ख्या महानगराची. लोकल जागच्या जागी थांबल्या, सिग्नल विझले, कोविडच्या दिवसांत हॉस्पिटलं जनरेटरवर गेली. बाहेरून मुंबईकडे वीज आणणाऱ्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. अशा वेळी शहराला बाकीच्या ग्रिडपासून तोडून स्वतःच्या विजेवर चालू ठेवायचं, अशी एक व्यवस्था मुंबईकडे १९८० च्या दशकापासून आहे. तिला 'आयलंडिंग' म्हणतात, म्हणजे शहराचं बेट करणं. त्या दिवशी ते बेटही बुडालं.

या दिवसाबद्दल बोलताना सगळे लाईट गेली त्या क्षणाबद्दल बोलतात. मला आज लाईट आली त्या क्षणाबद्दल बोलायचंय. दिवे लागतात, पंखे फिरतात, कुणीतरी टाळ्या वाजवतं. पण दुकानातला, बँकेतला, ऑफिसातला एसी लगेच गार हवा देत नाही. पंखा फिरतो, कॉम्प्रेसर गप्प. दोन-तीन मिनिटांनी कुठेतरी 'टक' असा आवाज येतो आणि मग तो गुरगुरायला लागतो.

ही तीन मिनिटं कुठून आली? त्यांच्यामागे शंभर वर्षांची गोष्ट आहे. एसीची गोष्ट आपण गारव्याची म्हणून सांगतो. मी ती आज वेगळ्या प्रश्नावरून सांगणार आहे: खराब वीज आली, तर फटका कोणी खायचा?

पहिला पहारेकरी: माणूस

१९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा आखली. दमट हवेत कागद फुगायचा, आकसायचा आणि रंगीत छपाईत रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. म्हणजे एसीचा जन्मच धंद्यासाठी झाला, घरासाठी नाही. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात कॅरियरचं मोठं यंत्र बसलं आणि उन्हाळ्यात ओस पडणारी थिएटरं भरायला लागली.

आपल्याकडे कुलाब्याचं रीगल १९३३ मध्ये सुरू झालं. देशातल्या पहिल्या वातानुकूलित चित्रपटगृहांपैकी ते एक. मुंबईकडे तेव्हा एक गोष्ट होती, जी देशातल्या फार थोड्या शहरांकडे होती: सह्याद्रीच्या पाण्यावर तयार होणारी टाटांची वीज. खोपोलीचं केंद्र १९१५ चं, भिवपुरी १९२२ चं, भिरा १९२७ चं.

त्या काळातल्या मोठ्या एसी प्लांटचं चित्र डोळ्यासमोर आणा. तळघरात प्लांट रूम. एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसर, मध्ये जाड पट्टा. भिंतीवर व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर. आणि समोर खुर्ची टाकून बसलेला ऑपरेटर. काटा हलला की त्याची नजर जायची. आवाज बदलला की तो उठायचा.

स्टार्टरमध्ये 'नो-व्होल्ट कॉइल' असायची, आजही असते. वीज गेली की ती सुटते आणि मोटर बंद होते. वीज परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. माणसाने बघायचं, प्रेशर खाली आलंय का तपासायचं, मगच बटण दाबायचं. आजची ती तीन मिनिटं तेव्हा त्या माणसाच्या डोक्यात होती.

आणि समजा चूक झालीच, मोटर जळालीच, तर? मोटर बाहेर होती. पट्टा काढा, मोटर हातगाडीवर टाका, वायंडिंगवाल्याकडे न्या. कॉम्प्रेसरला आणि आतल्या गॅसला धक्काही लागत नसे.

मोटर डब्यात गेली

मग यंत्र लहान व्हायला लागलं. मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच लोखंडी डब्यात घालून वेल्डिंगने बंद करायचे, अशी कल्पना पुढे आली. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने असा सीलबंद फ्रिज अमेरिकेत घराघरात नेला. नंतर विंडो एसी आणि दुकानांचे पॅकेज एसीही याच वाटेने गेले. फायदे भरपूर: गॅसची गळती कमी, आवाज कमी, जागा कमी, आणि ऑपरेटरची गरजच नाही.

पण इथे एक सौदा झाला, जो फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. मोटर आता गॅसमध्ये आणि तेलात बसलेली होती. ती जळाली तर जळालेलं सगळं त्याच गॅसमध्ये मिसळणार. आर-२२ सारखा गॅस अति उष्णतेने फुटला की आम्लं तयार होतात. तेल काळं पडतं. ते आम्ल पाईपमधून सगळीकडे फिरतं. मेकॅनिकने नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला, लाईन धुतली नाही, फिल्टर ड्रायर बदलला नाही, तर उरलेलं आम्ल नव्या मोटरचंही वायंडिंग खातं. पूर्वी विजेच्या दोषाची किंमत एका वायंडिंगएवढी होती. आता ती अख्ख्या यंत्राएवढी झाली. आणि त्याच वेळी समोरच्या खुर्चीतला माणूस उठून गेला होता.

त्याच्या जागी कोण आलं? एक छोटी चकती.

अमेरिकेच्या मेन राज्यात जॉन स्पेन्सर नावाचा एक मुलगा लाकूड कारखान्यातल्या बॉयलरवर राखण करायचा. भट्टीचं लोखंडी दार तापलं की फुगायचं आणि गार झालं की आवाज करत परत आत जायचं. तो आवाज आला की भट्टीत लाकूड टाकायचं, हे त्याला कळलं. पुढे त्याने दोन धातूंची वाटीसारखी चकती बनवली. ठरावीक तापमानाला ती झटक्यात उलटी होते आणि सर्किट तोडते. 'क्लिक' असा आवाज करते, म्हणून तिचं नाव पडलं क्लिक्सन. आज आपले एसी मेकॅनिक ज्याला 'ओएलपी' म्हणतात, ते कॉम्प्रेसरच्या डोक्यावरचं काळं बटण याच चकतीच्या घराण्यातलं. करंट वाढला, डबा तापला, चकती उलटली, मोटर वाचली.

मग आपली वीज आली

स्वातंत्र्यानंतर एसीचा धंदा इथे वाढला. ब्लू स्टार १९४३ मध्ये मुंबईत सुरू झाली होती, व्होल्टास १९५४ मध्ये. आणि १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी एक वचन दिलं: ग्राहकाच्या दारात व्होल्टेज ठरलेल्या आकड्यापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त वर-खाली जाता कामा नये. २३० धरले, तर साधारण २१६ ते २४४.

आता तुमच्या गावाकडचं आठवा. संध्याकाळी ट्यूबलाईट लुकलुकायची पण लागायची नाही. पंखा फिरतोय की वाऱ्याने हलतोय ते कळायचं नाही. दिव्याचं एवढ्यावर भागतं. कॉम्प्रेसरचं भागत नाही. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. व्होल्टेज २० टक्के कमी झालं, तर सुरू होतानाची ताकद ३६ टक्क्यांनी कमी होते. समोर गॅसचं प्रेशर, मागे अपुरी ताकद. मोटर फिरत नाही, नुसती हुंकारते. अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. आता त्या तीन मिनिटांचा अर्थ लागतो. बंद पडल्यावर पुढचं आणि मागचं प्रेशर सारखं व्हायला तेवढा वेळ लागतो. लाईट गेली आणि दहा सेकंदांत परत आली, हे यंत्रासाठी लाईट एक तास जाण्यापेक्षा वाईट असतं.

म्हणून आपल्या भिंतींवर स्टॅबिलायझर आले. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे टप्पे बदलताना 'टक-टक' करणारे साधे, आणि मोठ्या दुकानांसाठी, ऑफिसांसाठी सर्व्हो, ज्यात एक छोटी मोटर कार्बन ब्रश सरकवून व्होल्टेज जुळवते. त्यांच्यातच 'हाय कट', 'लो कट' आणि तो तीन मिनिटांचा टायमर बसला. एक लक्षात घ्या. नियमाचं वचन वीज देणाऱ्याचं होतं. ते पाळलं जात नव्हतं म्हणून डबा घेणाऱ्याने विकत घेतला. एसीसोबत स्टॅबिलायझर 'घ्यावाच लागतो' हे आपण इतकं गृहीत धरलं, की तो दंड आपण का भरतोय हे विचारायचंच राहिलं.

दोन फेजचा खेळ

मोठ्या एसीला तीन फेज लागतात. आणि इथे शेतकऱ्यांच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. डीपीवरचा एक फ्यूज उडाला, की तीनपैकी दोनच फेज उरतात. चालू असलेली मोटर थांबत नाही. हाच धोका आहे. ती चालत राहते, पण उरलेल्या तारांमधून साधारण १.७३ पट करंट ओढते आणि हळूहळू भाजत जाते. बाहेरून सगळं ठीक दिसतं. म्हणून विहिरीवरच्या पंपाच्या पेटीत आणि एसीच्या पॅनलमध्ये एकच राखणदार सापडतो: सिंगल फेज प्रिव्हेंटर. एक फेज गेला की तो स्टार्टर पाडतो.

२००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत राज्यात हा प्रश्न आणखी वाढला. गावांना घरगुती दिव्यांसाठी एकच फेज चालू ठेवायचा आणि पंप बंद ठेवायचे, अशी 'सिंगल फेजिंग'ची योजना आली. लोकांनी कॅपॅसिटर लावून दोन फेजवर मोटरी पळवल्या. पिकं वाचली, मोटरी जळाल्या.

शहरांत जनरेटर आले. त्यांच्यासोबत नवी भानगड आली: फेजचा क्रम. १९०५ मध्ये लेऑं क्रू या फ्रेंच माणसाने स्क्रोल कॉम्प्रेसरचं पेटंट घेतलं होतं. एकात एक अडकवलेल्या दोन सर्पिल चकत्या. इतकं बारीक काम करणारी यंत्रं तेव्हा नव्हती. १९८० च्या दशकात ती आली आणि स्क्रोल बाजारात उतरला. तो एकाच दिशेने फिरायला हवा. जनरेटरवर दोन फेजची अदलाबदल झाली की तीन फेजचा स्क्रोल उलटा फिरतो, खडखडतो, गार करत नाही आणि स्वतःचीच नासधूस करतो. म्हणून प्रिव्हेंटरला आणखी एक काम मिळालं: क्रम तपासणं.

पहारेकरीच नाजूक

आणि आज? इन्व्हर्टर एसी. मोटर हळूहळू वेग घेते, त्यामुळे सुरुवातीचा तो मोठा करंट नाही. कमी व्होल्टेजवरही बरेच चालतात. खोक्यावर लिहिलेलं असतं, स्टॅबिलायझरची गरज नाही. कमी व्होल्टेजपुरतं हे बऱ्यापैकी खरं आहे. पण आता सगळी अक्कल एका पीसीबीवर आहे. जवळ वीज कोसळून आलेला क्षणभराचा झटका तिला पुरतो. सर्व्होचा ब्रश सरकेपर्यंत तो झटका आत पोहोचलेलाही असतो. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर वेगळा लागतो, आणि नीट अर्थिंग नसेल तर त्याचाही फारसा उपयोग नाही. त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. तेव्हा २३० च्या सॉकेटमध्ये ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं आणि एका झटक्यात एसी, टीव्ही, चार्जर सगळं जातं.

मग बघा फटका कसा सरकत आला. आधी प्लांट रूममधला माणूस, मग चकती, मग भिंतीवरचा डबा, मग पॅनलमधला रिले, आता पीसीबी. प्रत्येक पायरीवर राखणदार लहान झाला आणि बिल मोठं झालं. वीजघराकडून ते बिल सरकत सरकत दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत आलं.

म्हणूनच एक दृश्य मला खटकतं. उन्हाळ्यात गिऱ्हाईक घामाघूम, प्रिव्हेंटर सारखा ट्रिप होतोय, आणि कुणीतरी म्हणतं, "अरे, डायरेक्ट करून टाक की!" मेकॅनिक दोन वायरी जोडतो, एसी सुरू होतो, सगळे खूश. पण ट्रिप होणारा रिले बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. तो काहीतरी सांगत असतो: एक फेज कमी येतोय, कुठेतरी जोड ढिला आहे. त्याचं तोंड बंद केलं, की ऐकणारं कुणीच उरत नाही. मग दहा मिनिटांचा उकाडा वाचवायला अख्खा कॉम्प्रेसर जातो.

पुढच्या वेळी लाईट येईल तेव्हा रिमोट हातात घेऊन बटणं बडवू नका. थांबा. ती तीन मिनिटं म्हणजे तळघरातल्या त्या ऑपरेटरची सवय आहे. तो गेला, पण काटा बघून, प्रेशर उतरू देऊन मगच बटण दाबायची त्याची शिस्त आपण यंत्रात भरून ठेवलीय.

तुमच्या दुकानात, क्लिनिकमध्ये, बाबांच्या ऑफिसात भिंतीवरच्या पॅनलमध्ये प्रिव्हेंटर आहे का, आणि तो 'डायरेक्ट' तर केलेला नाही ना, हे एकदा विचारून बघा. काय सापडलं ते कळवा. भेटूया पुढच्या भागात!