'डकोटा': एका शब्दाची हवाई बखर

खिळखिळ्या, खडखडत चालणाऱ्या गाडीला 'डकोटा' म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हा शब्द मुळात एका विमानाचे नाव आहे, हे बोलणाऱ्याच्या सहसा ध्यानी नसते. डग्लस कंपनीची ही दोन इंजिनांची विमाने दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी बांधली गेली. युद्ध संपल्यावर त्यांतली पुष्कळशी भारतात लष्कराचा शिल्लक माल म्हणून स्वस्तात विक्रीस निघाली. विमान स्वस्त झाले आणि विमान कंपनी काढणे ही केवळ टाटांसारख्यांनीच करावयाची गोष्ट राहिली नाही. १९४६ पासून परवाना मंडळाकडे अर्ज येऊ लागले. जुपिटर, अंबिका, कलिंग, हिमालयन अशी नावे आकाशात दिसू लागली.

या कथेतील एक महत्त्वाचा अंक भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर, नागपुरात घडला. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. पहिला मान इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या लहान कंपनीचा होता. काही महिन्यांतच ती बंद पडली आणि हे काम हिमालयन एव्हिएशनकडे गेले.

असे का व्हावे? विमान विकत घेणे हा या धंद्यातला सोपा भाग असतो. इंधन, वैमानिकांचे पगार, सुटे भाग, दुरुस्ती, विमा हा खर्च विमान भरलेले असो वा रिकामे, चुकत नाही. जाताना माल मिळाला, पण येताना मिळाला नाही, तर जातानाचा नफा परतीच्या वाटेवर जळून जातो. त्यातच एवढ्या थोड्या मालासाठी एवढ्या कंपन्यांना परवाने दिले गेले, की कुणाचेच पोट भरेना. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने नेमके यावरच बोट ठेवले: देशाला चार कंपन्या पुरेशा होत्या. अखेर १९५३ च्या कायद्याने उरलेल्या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. लहान उद्योजकाचा हा प्रयोग सात वर्षांत संपला.

गंमत अशी, की मराठी मनात यातले काहीच उरले नाही. आपल्याला स्मरते ते १८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविल्याची आख्यायिका. तिला समकालीन विश्वसनीय पुरावा नाही. तरीही तिच्यावर लेख लिहिले जातात, चित्रपट निघतात. राजाध्यक्षांचा अहवाल मात्र कुणाच्या लेखनाचा विषय होत नाही. चमत्कार सांगायला सोपा असतो, हिशेब नसतो. आपल्या साहित्यात शेतकरी आहे, कारकून आहे, गिरणी कामगार आहे. पण भांडवल घालून बुडालेला धाडसी व्यापारी त्या मानाने फार थोडा. त्याच्या अपयशाला आपण शोकांतिकेचा दर्जा द्यायला तयार नसतो, हे याचे एक कारण असावे.

भंडारा जिल्ह्याकडेही या काळाचा एक मूक साक्षीदार होता. बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी १९४० साली युद्धासाठी बांधली. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत ती भंडारा जिल्ह्यातच होती. धावपट्टी होती, पण विमानाने न्यावा असा माल कोठे होता? तांदूळ आणि पितळेची भांडी जड. ती रेल्वेनेच जाणार. हलके आणि मोलाचे असे कोसा रेशीम, पण त्याने रोज विमान भरत नाही. १९९० मध्ये मालवाहतुकीसाठी आकाश खुले झाले, १९९४ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द झाला. तरी हा प्रश्न जागचा हलला नाही. बिरसीत वैमानिक प्रशिक्षण संस्था आली. २०२२ साली फ्लायबिग या लहान कंपनीने प्रवासी सेवा सुरू केली, ती काही महिन्यांतच थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे उतरली ती इंडिगो, म्हणजे एक बलाढ्य कंपनी.

आज या भागात कुणा तरुणाला एक-दोन विमानांनिशी मालवाहतुकीचा धंदा काढावासा वाटला, तर त्याला स्फूर्ती देण्यास तळपद्यांची कथा पुरेल. तगून राहण्यासाठी मात्र त्याला त्या बुडालेल्या कंपन्यांचीच कथा वाचावी लागेल. ती कुणी तरी मराठीत लिहावयास हवी. तोवर त्या धाडसाची आपल्या भाषेतील खूण एवढीच: खडखडणाऱ्या गाडीला दिलेले एक थट्टेचे नाव.