'पाहिजे' या शब्दामागे काय उरले?

'खरे बोलले पाहिजे' असे आपण मुलांना सहज सांगतो. परंतु या 'पाहिजे'चा अर्थ काय, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. विसाव्या शतकात इंग्लंडमधील विश्लेषणवादी तत्त्वचिंतकांनी तो मोठ्या चिकाटीने विचारला. शब्दांचा अर्थ उलगडला की तत्त्वज्ञानातील पुष्कळशी कोडी सुटतील, अशी त्यांची धारणा होती.

केंब्रिजच्या जी. ई. मूर यांनी १९०३ मध्ये 'प्रिन्सिपिया एथिका' या ग्रंथात 'चांगले' या संकल्पनेची व्याख्याच करता येत नाही, असे प्रतिपादन केले. १९३६ मध्ये ऑक्सफर्डचे तरुण तत्त्वज्ञ ए. जे. एअर त्याही पुढे गेले. 'चोरी वाईट आहे' हे विधान खरेही नसते व खोटेही नसते. त्यातून बोलणाऱ्याची नापसंती तेवढी प्रकट होते, असे त्यांचे मत होते.

हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. १९५६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना सन्माननीय पदवी देण्याचे ठरविले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकीवर अणुबॉम्ब टाकण्यात आले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. सॉमरव्हिल महाविद्यालयातील एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम यांनी या पदवीला जाहीर विरोध केला. अ‍ॅन्स्कम या विट्‌गेन्स्टाइन यांच्या शिष्या व श्रद्धावान कॅथोलिक. साध्य कितीही मोठे असो, ते साधण्यासाठी निरपराध माणसांना ठार मारणे हा खूनच होय, असे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यांना साथ अगदी थोड्यांची मिळाली आणि पदवी दिली गेली.

इतके सुविद्य लोक असे का वागले? १९५८ च्या 'मॉडर्न मॉरल फिलॉसॉफी' या निबंधात अ‍ॅन्स्कम यांनी समकालीन नीतिविचाराच्या मुळाशीच हात घातला. नैतिक 'पाहिजे' हा शब्द परमेश्वरी नियमशास्त्राच्या कल्पनेतून आला. पुढे अनेकांनी नियम देणाऱ्यावरील विश्वास सोडला. शब्द मात्र ठेवला. फौजदारी कायदा व न्यायालये नाहीशी व्हावीत आणि 'गुन्हेगार' हा शब्द तेवढा मागे राहावा, तसे हे झाले. शब्दाचा दरारा टिकला, आधार गेला. परिणाम चांगला दिसला की कोणतेही कृत्य क्षम्य ठरविणाऱ्या विचारसरणीला त्यांनी याच निबंधात 'परिणामवाद' या अर्थाचे नाव दिले.

श्रद्धाहीन माणूस सद्वर्तनी असूच शकत नाही, असे मात्र अ‍ॅन्स्कम म्हणाल्या नाहीत. अशांनी अ‍ॅरिस्टॉटलकडे वळावे आणि पोकळ 'पाहिजे'ऐवजी 'अन्याय', 'असत्य' यांसारखे भरीव शब्द वापरावेत, असे त्यांनी सुचविले. निर्दोष माणसाला जाणूनबुजून शिक्षा देणे हा अन्याय आहे, हे कोणालाही कळते.

१९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपूर्ण शहरांच्या सरसकट संहाराचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केला. अ‍ॅन्स्कम २००१ मध्ये निवर्तल्या. 'असे का वागायचे?' असे मुलाने विचारले, तर 'वागले पाहिजे म्हणून' एवढे उत्तर पुरेसे नाही. त्या वागण्याने कोणावर अन्याय होतो किंवा टळतो, तेही सांगता यावे. त्या शब्दाला पुन्हा अर्थ येतो, तो तिथूनच.