मांडीवर कोणाला घ्यायचं?

परवा धुळ्याला जाऊन आलो. धाकट्या मामींना बरं नव्हतं. मामा-मामी दोघंही बहिरे. त्यांच्या दाराची कडी वाजवून उपयोग नाही, बाहेरचं बटण दाबलं की आत दिवा लागतो-विझतो आणि मग दार उघडतं. लहानपणी आम्हा भाचरांना ते बटण दाबायची भारी हौस, आणि पाच-सहा वेळा उगाच दाबलं म्हणून मामांच्या हातची चापटही खाल्लेली आहे. मामी आता सत्तरीला टेकल्या. जुन्या गोष्टी निघाल्या, आणि परतीच्या एस.टी.त ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं. घरची मंडळी वाचतील, म्हणून नावं घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

१९७९ च्या उन्हाळ्यात, आखाजीच्या आगेमागे, मामांचं लग्न झालं. मामा जन्मापासून बहिरे. मामी साक्रीकडच्या, चार वर्षांच्या असताना मेंदूज्वरात त्यांचे कान गेले. मामा धुळ्याला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. लग्नाला महिना झाला असेल नसेल, अमळनेरजवळच्या आमच्या आजोळी ओसरीवर बैठक बसली. मी सहा-सात वर्षांचा, खांबाला टेकून ऐकत होतो. ठरलं ते असं : या दोघांनी मूल होऊ द्यायचं नाही. बहिऱ्या-बहिऱ्यांचं मूल बहिरंच होणार. त्यापेक्षा थोरल्या मामांचा धाकटा मुलगा त्यांच्या मांडीवर द्यायचा. वंशाला दिवा मिळेल, म्हातारपणी बघायला कोणी होईल, आणि (हे सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून) जमीनही घरातच राहील.

मामा-मामी तिथेच होते. एका कडेला, सतरंजीच्या टोकाला. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

पुढे वाचायची खोड लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या ओसरीवरचा हा प्रश्न फार जुना आहे, आणि शास्त्राने त्याचं उत्तर नेमकं उलटं दिलेलं होतं. मनुस्मृतीत वाटणीला अपात्र असणाऱ्यांची यादी आहे, तीत जन्मांधांबरोबर बहिरे आणि मुकेही आहेत. त्यांना वाटा नाही, अन्नवस्त्र तेवढं द्यायचं. मग त्यांच्या मुलांचं काय? याज्ञवल्क्यस्मृती सांगते की अशा माणसाचा औरस किंवा क्षेत्रज मुलगा निर्दोष असेल तर त्याला वाटा मिळेल. क्षेत्रज म्हणजे नियोगाचा. ती चाल केव्हाच बंद पडली, तेव्हा राहिला औरस, म्हणजे पोटचा. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली आणि हा खुंटा हलवून आणखी बळकट केला. औरस आणि क्षेत्रज अशी दोनच नावं घेतली आहेत ती बाकीच्या पुत्रांना वगळण्यासाठीच, असं तो म्हणतो. बाकीच्यांत दत्तक आलाच.

म्हणजे पाहा. जन्मबहिऱ्याने कोणाला मांडीवर घेतलं तर त्या मुलाला शेतात वाटा नाही. पोटचा झाला आणि तोही बहिरा निघाला तर त्यालाही बापासारखंच अन्नवस्त्र. पोटचा आणि ऐकणारा, तरच वाटा. मुलींना लग्न होईपर्यंत सांभाळायचं, विषय संपला. बहिऱ्या माणसाला मूल कसं हवंय याचा यात कुठेच प्रश्न नाही. सगळा हिशेब शेताचा.

हे पोथीत राहिलं असतं तर मी इतकं लांबण लावलं नसतं. इंग्रजी अमदानीत हेच कोर्टांत चाललं. पुणे, नगर आणि खानदेशात मिताक्षरा आणि नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख या दोन्ही ग्रंथांना सारखंच वजन होतं, ही आपल्या भागाची एक खासियत. कोर्टाने अट एवढीच घातली की बहिरेपण जन्मजात आणि बरं न होणारं आहे हे सिद्ध झालं पाहिजे. तापात कान गेलेला माणूस सुटला, जन्माचा बहिरा अडकला. हिंदू वारशातली ही अपात्रता काढणारा कायदा झाला १९२८ साली. त्यानंतर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आजार किंवा व्यंग हे कारण सरळ निकालात काढलं, आणि त्याच वर्षीच्या दत्तक कायद्यात मूल घेणाऱ्याला सज्ञान आणि शहाणा असण्याची अट आली, ऐकू येण्याची नाही. मुलगी दत्तक घ्यायलाही तेव्हापासूनच कायद्याने मोकळीक मिळाली. आमच्या आजोबांचा जन्म १९१५ च्या सुमाराचा. म्हणजे मामा त्यांच्याही आधीच्या पिढीत जन्मले असते तर आमच्या ओसरीवर वेगळीच बैठक झाली असती, आणि तीत मामांना लवकर पोटचा मुलगा व्हावा म्हणून नवस बोलले गेले असते!

असो. पण बैठकीतल्या मंडळींना मिताक्षरा माहीत नव्हती. त्यांची भीती दुसरी होती, बहिऱ्यांना बहिरंच होतं ही. ती आमच्या गावची आहे असं मला वाटायचं. पण तिचा मोठा पुरस्कर्ता निघाला टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल. बेलची आई बहिरी, बायको मेबल बहिरी, स्वतः तो बहिऱ्यांचा शिक्षक. १८८३ साली त्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला : बहिरे बहिऱ्यांशीच लग्नं करत राहिले तर माणसांचा एक बहिरा वाण तयार होईल. लग्नांवर कायद्याने बंदी घालून भागणार नाही हे त्याला कळत होतं. म्हणून तो म्हणाला, ज्यामुळे बहिरे एकमेकांना भेटतात तेच कमी करा, म्हणजे निवासी शाळा, खुणांची भाषा, बहिरे शिक्षक. त्याच्या तीनच वर्षं आधी, १८८० साली, मिलान शहरातल्या परिषदेने शाळांतून खुणांना हद्दपार करून ओठांकडे बघून बोलायला शिकवायचं ठरवलं होतं. मुंबईत माझगावला बिशप मेरिन यांनी आपल्या देशातली बहिऱ्यांची पहिली शाळा काढली ती याच दशकात. मामांच्या पिढीलाही शाळेत खुणा केल्या म्हणून हातावर पट्टी बसायची. (कोणती शाळा ते नको, आता तिथले गुरुजीही नाहीत.)

बेलचं उत्तर चुकलं होतं. एडवर्ड ॲलन फे नावाच्या प्राध्यापकाने अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या ४,४७१ लग्नांची माहिती गोळा केली आणि १८९८ साली प्रसिद्ध केली. ज्या कुटुंबांतल्या मुलांची माहिती मिळाली त्यांत दहातल्या नऊ घरी एकही मूल बहिरं नव्हतं. विशेष म्हणजे हे पुस्तक बेलच्याच व्होल्टा ब्यूरोने छापलं. तरी भीती काही गेली नाही. जर्मनीत १९३३ साली नाझींनी सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्यात आनुवंशिक बहिरेपण होतंच. सुमारे १७ हजार बहिऱ्यांची नसबंदी झाली असावी, असा होर्स्ट बीझोल्ड या अभ्यासकाचा अंदाज आहे. आमच्या बैठकीत बळजबरी नव्हती, फक्त समजूत घालणं होतं. पण मामींना माहेरी पाठवून "समजावून" आणलं होतं, हे मला यावेळी पहिल्यांदा कळलं.

फार खोलात न जाता सांगायचं तर जन्मजात बहिरेपणाचा मोठा भाग सुप्त जनुकांमुळे येतो. कनेक्झिन-२६ या जनुकाचा बहिरेपणाशी असलेला संबंध १९९७ साली उलगडला, असे आणखी पुष्कळ आहेत. आई आणि बाप दोघांकडून तेच बिघडलेलं जनुक आलं तरच मूल बहिरं. म्हणून बहुतेक बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईबापांपोटी जन्मतात, आणि नात्यात लग्न झालं की शक्यता वाढते. आमची आजी ही आजोबांची मामेबहीण. थोरल्या मामांनीही मामाचीच मुलगी केली. मामींचं बहिरेपण मात्र तापाचं, ते पुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्या ओसरीवर बहिरं मूल होण्याचा धोका खरं तर थोरल्या जोडप्याला जास्त होता. हे तेव्हा सांगणार कोण?

मामींनी ऐकलं नाही. १९८१ साली त्यांना मुलगा झाला. आजीने पाळण्याजवळ पितळी थाळी वाजवली, पोर दचकून रडलं, आणि गावात साखर वाटली गेली.

पुढचं सांगताना मामींचे हात जरा थांबले. रात्री मूल रडलेलं कळावं म्हणून त्या बाळाच्या पायाला सुताची दोरी बांधायच्या आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला. पोर हललं की जाग. असं दीड वर्ष चाललं. मग आजीने म्हटलं की या घरात पोराच्या कानावर शब्द पडणार नाही, ते मुकं राहील. त्याला गावी नेलं. तो थोरल्या मामांकडे वाढला, शाळाही तिथलीच. सुटीत धुळ्याला यायचा तेव्हा खुणा दहा-बारा येत, जेवण, पाणी, पैसे, झोप. खुणांचं मराठी करताना माझ्याकडून घोटाळे होतात, पण मामी म्हणाल्या ते साधारण असं : "माझा होता, भाषा त्यांची शिकला. दत्तक नको म्हणाले मी, आणि माझाच दत्तक गेला."

अहिराणीत मुलाला आंडोर म्हणतात, मुलीला आंडेर. मामींना आंडेर मिळाली ती थोरल्या घरून. १९८६ साली थोरल्यांना शेंडेफळ मुलगी झाली, ती जन्मापासून बहिरी. सहाव्या वर्षी तिला धुळ्याच्या शाळेत घातलं आणि राहायला मामींकडे. ती राहिलीच. मामांनी तिला छापखान्यातले खिळे हातात देऊन अक्षरं शिकवली (उलटी! आधी तिला सगळं 'र' आणि 'व' आरशातलंच यायचं). तिचं कन्यादान मामा-मामींनी केलं. कागद कधी झाला नाही.

रविवारी संध्याकाळी धुळ्याच्या स्टँडजवळच्या टपरीवर मामांचे मित्र जमायचे, जळगावचेही दोघे-तिघे यायचे. मीही बसायचो. मुलांचा विषय निघाला की सगळे एका सुरात बोलायचे असं मुळीच नाही. एकाला ऐकणारंच मूल हवं होतं, बँकेत आणि दवाखान्यात कोण बोलणार म्हणून. त्यावर दुसरा चिडायचा, कारण दवाखान्यात डॉक्टर बापाकडे बघतच नाही, दहा वर्षांच्या पोराला सांगतो की बाबांना गाठ आहे. तिसऱ्याला दोन्ही मुलं बहिरी होती आणि त्यांच्या घरी सगळ्यात जास्त गप्पा चालत. अमेरिकेत शॅरन ड्युशेनो आणि कँडी मॅकलॉ या दोन बहिऱ्या स्त्रियांनी मुद्दाम बहिरा दाता निवडून बहिरं मूल होऊ दिलं, त्यावर २००२ साली जगभर गदारोळ झाला होता. मी ते कात्रण टपरीवर नेलं. मला वाटलं होतं, सगळे हसतील. निम्म्यांना त्यात विशेष काही वाटलंच नाही. मामांनी मात्र मान हलवली. म्हणाले, मुद्दाम करू नये, आलं तर आनंद.

मला तिथे कळलं ते एवढंच, की पोटचं की दत्तक हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता. घरात हात कोणाशी हलवायचे, हा होता.

आता ती मामेबहीण जळगावला असते. नवराही बहिरा. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. दोघांनी दत्तक घेण्यासाठी 'कारा'च्या संकेतस्थळावर नाव नोंदवलंय. आईबाप शरीराने-मनाने सक्षम हवेत आणि जिवावरचा आजार नको, एवढंच नियमात आहे, बहिरेपणाची आडकाठी नाही. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. नवऱ्याला सुरुवातीला ऐकणारं मूल हवं होतं, त्यावरून दोघांचं महिनाभर बिनसलं. शेवटी अर्ज भरला तो विशेष गरजा असलेल्या मुलासाठी, आणि आम्हाला बहिरं मूल चालेल, किंबहुना तेच हवंय, असं कळवलं. थोरले मामा ऐंशी पार आहेत. त्यांना हे पटत नाही. "घ्यायचंच तर चांगलं ऐकणारं का घेत नाही?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. तिला थेट विचारता येत नाही, खुणा ते कधी शिकलेच नाहीत.

घराची पाहणी करायला समाजसेविका येऊन गेल्या. त्यांनी इतर प्रश्नांबरोबर हेही विचारलं, की रात्री मूल रडलं तर तुम्हाला कळणार कसं? हल्ली थरथरणारी यंत्रं मिळतात, बहिणीने ते दाखवलं. पण तिने ही गोष्ट धुळ्याला कळवली आणि मामींनी आजारपणातच उठून वहीच्या पानावर, मोठ्या अक्षरांत, दोरीची सगळी हकिगत लिहून काढली. दोरी किती हात लांब हवी, गाठ कशी सैल मारायची, पायाला वळ उठू नये म्हणून खाली कोणतं कापड गुंडाळायचं. ते पान फाईलला जोडायचं म्हणून त्यांनी माझ्याजवळ दिलं होतं. काल जळगावला पोचवलं.